आधी जाणावे, मग जपावे : अकरावी-बारावीचे जीवशास्त्र आणि जैन घरे

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कांदा आलेला नाही, त्या घरातील मुलीला आयुष्यातील पहिली पेशी दिसते ती बहुधा कांद्याच्याच पापुद्र्यात. प्रयोगशाळेत शिक्षिका कांद्याच्या पाकळीचा आतला पापुद्रा चिमट्याने अलगद सोडवतात, तो काचपट्टीवर पसरतात, त्यावर आयोडीनचा एक थेंब सोडतात आणि मुलांना एकामागून एक सूक्ष्मदर्शकापाशी बोलावतात. विटांच्या भिंतीसारखी रांगेने रचलेली घरे आणि प्रत्येक घरात एक तपकिरी ठिपका एवढेच तेथे दिसते. परंतु जे पाहिले ते विसरता येत नाही. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसल्यावर मुलगी उत्साहाने सारे सांगू लागते. वडील कौतुकाने ऐकतात; आजी मात्र मध्येच विचारते, "अगं, हात नीट धुतलेस ना?"

आजीचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दहावीचा निकाल लागला की मोंढ्यातल्या, कापडबाजारातल्या आणि सराफकट्ट्यावरच्या असंख्य जैन घरांत तोच प्रश्न मोठे रूप घेऊन उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला जीवशास्त्र घ्यायचे असते. घरची मंडळी उघडपणे नाही म्हणत नाहीत, पण मन कचरते. वाणिज्य शाखा ओळखीची असते. हिशेब, करपद्धती, सनदी लेखापालाची परीक्षा आणि शेवटी दुकानाची गादी हा रस्ता पायाखालचा असतो. जीवशास्त्र म्हटले की तीन शंका पुढे येतात. तेथे जीव कापावे लागतात, ही पहिली. शिक्षणात फार वर्षे जातात, तोवर दुकान कोणी पाहायचे, ही दुसरी. तिसरी शंका कोणी बोलून दाखवत नाही, पण ती सर्वांत खोल असते : जे शास्त्र आत्म्याचे नावही घेत नाही, ते शिकून मुलांची श्रद्धा ढळेल काय?

या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत. म्हणूनच ऐकीव माहितीवर विसंबून न राहता अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात प्रत्यक्ष काय शिकवले जाते आणि ते न शिकल्याने काय गमावले जाते, हे पाहणे आवश्यक आहे.

बेडकाचे तबक

एके काळी शास्त्र शाखेच्या प्रात्यक्षिकांत विच्छेदन हा ठरलेला भाग होता. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक मेणाच्या तबकात टाचण्यांनी खिळवला जाई आणि विद्यार्थ्याने त्याच्या आतील अवयव उघडून दाखवायचे असत. त्या एका तबकापायी शाखा बदलल्याच्या, डॉक्टर होण्याचे मनातून काढून टाकल्याच्या आठवणी आजही जुन्या पिढीकडून ऐकायला मिळतात. त्या पिढीचा नकार समजण्यासारखा होता. पंचेंद्रिय जीवाचा केवळ गुणांसाठी वध करायचा, हे ज्या घरात मुंगीलाही वळसा घालून जायला शिकवले जाते तेथे रुचणे शक्य नव्हते.

परंतु काळ बदलला आहे, आणि ही गोष्ट अनेक घरांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. शेतातील कीटक खाणारा हा प्राणी किती मोलाचा आहे, याची जाणीव त्यामागे होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ते थांबवण्यास सांगितले. पदवीच्या वर्गातच जे राहिले नाही, त्याची धास्ती अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलाने बाळगण्याचे कारण उरत नाही. आज कनिष्ठ महाविद्यालयांत प्राण्यांची शरीररचना मुख्यतः आकृत्या, तक्ते, प्रतिकृती आणि संगणकावरील चित्रे यांच्या आधारे शिकवली जाते.

मग प्रात्यक्षिकांत काय असते? पानाचा पापुद्रा काढून त्यावरील सूक्ष्म रंध्रे मोजणे. मिठाच्या पाण्यात पेशी कशी आकसते ते पाहणे. परागकण रुजताना पाहणे. लाळेमुळे पिष्टाचे रूपांतर कसे होते ते आयोडीनने तपासणे. निरनिराळ्या ठिकाणच्या मातीतील ओलावा व आम्लता मोजणे. आणि पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला फुटलेल्या कोवळ्या मुळांच्या टोकाशी पेशींचे विभाजन पाहणे. या शेवटच्या प्रयोगात मुळाचे टोक रंगवून काचेखाली दाबले की एका पेशीच्या दोन होताना मधल्या साऱ्या अवस्था दिसतात. कांद्याच्या पेशीतील १६ गुणसूत्रे दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात. हे सारे एकेंद्रिय जीवांशी संबंधित आहे, हे खरे. पण तसा तर रोजचा स्वयंपाकही आहे.

तरीही चित्र सर्वस्वी निर्मळ आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांतून काचेच्या बरण्यांत जतन केलेले प्राणी अजून दिसतात. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात झुरळाच्या शरीररचनेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयात जाऊन प्रात्यक्षिकांविषयी नम्रपणे विचारावे, यात गैर काहीच नाही. हा संकोच केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला सिक्स्थ फॉर्म म्हणतात. लंडन आणि लेस्टर येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांतील मुले तेथे ए-लेव्हलचे जीवशास्त्र घेतात. तेथील एक्यूए या परीक्षा मंडळाने ठरवलेल्या १२ अनिवार्य प्रात्यक्षिकांत एक विच्छेदनाचे आहे; परंतु ते प्राण्याच्या अवयवाचे किंवा वनस्पतीच्या भागाचे करावे, असा पर्याय अभ्यासक्रमातच दिलेला आहे. देठ कापून त्यातील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दाखवल्या तरी ते प्रात्यक्षिक पूर्ण होते.

पाठ्यपुस्तकात भेटणारे आपले नियम

राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात १६ आणि २०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकात १५ प्रकरणे आहेत. पाठशाळेत शिकलेल्या मुलाने ती उघडली तर अनेक पानांवर त्याला घरचीच एखादी गोष्ट वेगळ्या वेषात भेटते.

फुलझाडांच्या बाह्यरचनेचे प्रकरण घ्या. बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली फुगलेले खोड आहे, त्यावरचे डोळे म्हणजे अंकुर आहेत आणि त्या प्रत्येक डोळ्यातून नवे झाड उभे राहू शकते, असे मूल तेथे वाचते. आले आणि हळद हीदेखील खोडेच. गाजर व मुळा ही खरी मुळे. तर कांदा म्हणजे आखूड खोडाभोवती दाटलेली मांसल पाने. एका शरीरात अनंत जीव मानून ज्यांना अनंतकाय म्हटले, त्या वनस्पतींची ही रचना पाहिली की 'का खायचे नाही' या प्रश्नापाशी मूल प्रथमच विचार करून थांबते. तोवर ते केवळ 'खायचे नाही' एवढेच जाणत असते.

दुसरे उदाहरण पंच उदुंबरांचे. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठुंबर ही पाच फळे श्रावकाने वर्ज्य करावीत, कारण त्यांत त्रस जीव असतात, असे लहानपणापासून सांगितले जाते. वनस्पतिशास्त्र या पाचही झाडांना फायकस या एकाच वंशात बसवते. या वंशातील झाडांचे फळ म्हणजे आतल्या बाजूला फुले असलेली बंद पिशवी असते. एक अतिशय लहान चिलटासारखा कीटक त्या पिशवीत शिरतो, आत अंडी घालतो आणि तसे करताना फुलांचे परागीभवन करतो. बहुतेक वेळा झाडाच्या प्रत्येक जातीचा कीटकही ठरलेला असतो. एकावाचून दुसऱ्याचा वंश चालत नाही. बारावीला जीवांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करताना हे उदाहरण येते. ज्यांनी ही पाच फळे एका ओळीत बसवली, त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हते. पण फळ फोडून आत पाहण्याची दृष्टी निश्चित होती.

दह्याचे विरजण म्हणजे सूक्ष्मजीवांची वाढ, हे पुस्तक सांगते. घरात दह्याची आणि पिठाची मुदत का पाळली जाते व पावसाळ्यात पिठाची मुदत सर्वांत कमी का होते, हे बुरशी आणि ओलावा यांचा संबंध कळल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेशमाच्या प्रकरणात कोश उकळून धागा काढतात हे वाचल्यावर लग्नसराईत शालू खरेदी करताना मुलगी काय विचारील, याची तयारी मात्र आईने ठेवावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक वैज्ञानिक शोध आगमांत आधीच सांगितलेला होता, असा दावा व्यासपीठांवरून केला जातो. तो धर्मालाही शोभत नाही आणि विज्ञानालाही. दोन्हींच्या मांडणीत खरे अंतर आहे. जैन दर्शन पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचेही शरीर धारण करणारे जीव मानते; पाठ्यपुस्तक तसे मानत नाही. जैन परंपरा जीवांची विभागणी इंद्रियांच्या संख्येवर करते. अकरावीत शिकवली जाणारी पंचसृष्टी पद्धत रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडली, आणि ती पेशीची रचना व पोषणाची रीत यांवर आधारलेली आहे. बारावीतील उत्क्रांतीचे प्रकरण तर एका वेगळ्याच भूमिकेतून लिहिलेले आहे. मुलाने परीक्षेत पुस्तकातील उत्तर लिहावे, घरी महाराजसाहेबांना आपली शंका विचारावी आणि दोन्ही उत्तरे मनात शांतपणे नांदू द्यावीत. एका वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहता येते, हे ज्या धर्माने जगाला सांगितले, त्याच्या अनुयायांनी एका पुस्तकाला भिण्याचे कारण नाही.

कापडव्यापाऱ्याचे भिंग

व्यापारी घरात जीवशास्त्राचे काय काम, असे विचारणाऱ्यांनी एका कापडव्यापाऱ्याची गोष्ट अवश्य ऐकावी. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांचे कापडाचे दुकान होते. कापडाची वीण तपासायला व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूक स्वतः भिंगे घासू लागले आणि त्यांची भिंगे त्या काळातील कोणाच्याही भिंगांहून सरस ठरली. १६७४ साली त्यांनी जवळच्या एका तळ्याचे पाणी त्यातून पाहिले आणि त्यात फिरणारे सूक्ष्म जीव त्यांना दिसले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, लॅटिन येत नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीला ते आपल्या मातृभाषेत पत्रे लिहीत. मालाची बारकाईने पारख करण्याची व्यापाऱ्याची सवयच तेथे विज्ञानाला उपयोगी पडली.

पाण्याच्या थेंबात जीव आहेत, ही गोष्ट जैन घरांना नवी नव्हती. पाणी दुहेरी कापडाने गाळावे आणि गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी आणले तेथेच हळुवार सोडावेत, ही चाल कितीतरी जुनी आहे. आपल्या पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात टाकल्यास सूक्ष्म जीव का मरतात, हे अकरावीला पेशीतील पाण्याच्या समतोलाविषयी वाचताना समजते. गाळण्याची बाब तर अलीकडच्या काळात प्रयोगानेही तपासली गेली. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कोलवेल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकीच्या रोग्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर कापडात अडकतात, हे त्याचे कारण. सुटा जंतू मात्र कापडातून सहज पार होतो. म्हणून पाणी उकळण्याचे महत्त्व कमी होत नाही. कापड काय अडवते आणि काय अडवत नाही, हे ठाऊक असलेले घर आपला आचार अधिक डोळसपणे पाळते.

दयेने केलेली हानी

ज्ञानावाचून दया पुरी पडत नाही, हे सांगणारी एक घटना गेल्या तीस वर्षांत भारतात घडली. तिचा विचार प्रत्येक गोशाळेच्या विश्वस्ताने करावा असा आहे.

नव्वदीच्या दशकात देशातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. काही वर्षांतच तीन जातींच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. एखादी साथ असावी असा प्रथम तर्क होता. मृत गिधाडे तपासली तेव्हा त्यांच्या अंतर्गत अवयवांवर खडूसारखा पांढरा थर आढळे. तो यूरिक आम्लाचा होता. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण प्रसिद्ध केले. गाई-बैलांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसात शिल्लक राहत होते. ते मांस खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि यूरिक आम्ल शरीरातच साचून पक्षी दगावत असे. भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर २००६ साली बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे वेदनाशामक त्याऐवजी उपलब्ध आहे.

जनावराला औषध देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हाताऱ्या, लंगड्या गाईचे दुखणे पाहवेना, म्हणूनच ती सुई दिली जात होती. पण एका जीवावर केलेली दया दुसऱ्या जीवाचे मरण ठरली. मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. हे अनर्थाचे कोडे सोडवण्याची किल्ली अकरावीच्या उत्सर्जनाच्या प्रकरणात आहे. मासे शरीरातील नत्राचा टाकाऊ भाग बहुधा अमोनियाच्या रूपात टाकतात, माणूस व गाय यूरियाच्या रूपात, आणि पक्षी यूरिक आम्लाच्या रूपात. मूत्रपिंड थांबले की पक्ष्याच्या शरीरात काय साचेल, याचे उत्तर त्या एका परिच्छेदात दडलेले आहे. सोळा वर्षांची मुले ते परीक्षेसाठी पाठ करतात. त्याचा अर्थ ज्याला कळला, तो औषधाची बाटली हाती घेताना निराळा विचार करतो. आधी जीवांना जाणावे आणि मगच दया आचरावी, हा क्रम जैन आगमांनीही सांगितलेला आहे.

पांजरपोळ आहे, वैद्य कोठे आहे?

जीवदयेसाठी दान देण्यात जैन समाज मागे नाही. १८३४ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांसाठी धर्मार्थ रुग्णालय चालते. पर्युषणात जीवदयेच्या पावत्या फाडताना कोणी हात आखडत नाही. परंतु या संस्थांत जखमी कबुतराचे हाड बसवणारा आणि आजारी गाईला कोणते औषध द्यावे व कोणते देऊ नये हे ठरवणारा पशुवैद्य लागतो, आणि तो बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गातूनच पुढे जातो. त्या वर्गात आपली मुले पाठवायची नाहीत आणि पांजरपोळीला मात्र देणगी द्यायची, असा व्यवहार किती काळ चालणार?

महाराष्ट्रात पशुवैद्यकाच्या शिक्षणाची सोय जुनी आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे महाविद्यालये आहेत. पशुवैद्यकाची पदवी अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांची असते. या शिक्षणात मृत जनावरांच्या शरीररचनेचा अभ्यास करावा लागतो, तसाच वैद्यकीय शिक्षणात मानवी देहाचा करावा लागतो. ज्या घराला हे मान्य करणे कठीण वाटते, त्याने तसे मोकळेपणाने बोलावे. मुलाला अर्ध्या वाटेवर अडवण्यापेक्षा आधीच विचार केलेला बरा.

वैद्यक आणि पशुवैद्यक एवढ्याच वाटा आहेत असेही नाही. अनेक जैन कुटुंबांचे औषधांचे दुकान असते. तेथे नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो आणि त्यासाठीची पदविका बारावी शास्त्र शाखेनंतर दोन वर्षांत पूर्ण होते. पदवी हवी असल्यास चार वर्षे लागतात. धान्याच्या व्यापाऱ्याला सोंड्या किड्याचे जीवनचक्र ठाऊक असेल, तर माल चांगला वाळवून, कोरड्या जागी रचून कीड होण्याआधीच ती टाळता येते. झालेली कीड धुरीने मारण्याची पाळी कमी येते. यालाच तर परंपरेने यतना म्हटले आहे. दुग्धव्यवसाय, अन्नप्रक्रिया, शेती आणि बियाणे या साऱ्या धंद्यांत जीवशास्त्र शिकलेला मुलगा किंवा मुलगी गादीवर बसली तर दुकानाचे नुकसान होत नाही, फायदाच होतो.

अभ्यासाचा रोजमेळ

निर्णय झाल्यावर प्रश्न उरतो तो अभ्यासाचा. बारावीच्या परीक्षेत जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत एकूण ७२० गुणांपैकी ३६०, म्हणजे बरोबर निम्मे, एकट्या जीवशास्त्राचे असतात. नीटसाठी राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने आपल्या पुस्तकाबरोबर एनसीईआरटीचे पुस्तकही ओळ न् ओळ वाचावे. निर्णय पक्का नसेल तर अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे, म्हणजे दोन्ही दारे उघडी राहतात.

जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, असा समज रूढ आहे आणि पुष्कळ विद्यार्थी त्यालाच बळी पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आणखी एक अडचण येते. शास्त्र शाखेचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होत असल्याने पहिल्या दोन महिन्यांतच शेकडो अनोळखी शब्द अंगावर येतात. त्यांतील बहुतेक शब्द ग्रीक वा लॅटिन तुकड्यांनी बनलेले असतात. असे पन्नास-साठ तुकडे अर्थासह एका वहीत लिहून ठेवले, तर नवा शब्द फोडून वाचता येतो. दुसरी गोष्ट आकृत्यांची. रोज एक आकृती पुस्तक मिटून काढावी, नावे द्यावीत आणि मग पडताळून पाहावी. हृदयातून रक्त कोणत्या वाटेने जाते, हे जो हाताने काढू शकतो त्याला ते पाठ करावे लागत नाही.

हे सांगताना व्यापारी घराला परका दृष्टान्त द्यायला नको. रोजमेळ रोज लिहिला तर मार्चअखेरीस ताळेबंद आपोआप जुळतो. वर्षभराच्या पावत्या एका रात्रीत लावायला बसणाऱ्याचा हिशेब चुकतोच. जीवशास्त्राचेही तसेच आहे. ज्या दिवशी जे शिकवले, त्या दिवशी त्याची नोंद व्हावी. प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याच्या वहीवरून उतरवू नये. जे दिसले तेच काढावे. आईवडिलांना विषय येत नसला तरी एक मदत ते निश्चित करू शकतात. जेवताना मुलाला विचारावे, "आज काय शिकलास, मला सांग." जे मूल आपल्या आजीला पेशी समजावून सांगू शकते, त्याला परीक्षकाची भीती राहत नाही.

ज्या मुलाचे मन खरोखर आकड्यांत रमते, त्याने वाणिज्य शाखेतच जावे; त्यात कमीपणा नाही आणि या लेखाचा तसा आग्रहही नाही. आग्रह एवढाच की, जीवशास्त्र मागणाऱ्या मुलाला केवळ जुन्या काळच्या तबकाच्या भीतीने अडवले जाऊ नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत "एवढी वर्षे कशाला?" हा प्रश्न विचारताना ती वर्षे कोणत्या कामी लागणार आहेत, याचाही विचार व्हावा.

कांद्याचा तो पापुद्रा पाहून आलेली मुलगी घरी कांदा मागत नाही. तिने जे पाहिले, त्यानंतर ताटातील प्रत्येक भाजीकडे ती थोडी अधिक आदराने पाहते, इतकेच. आजीने हात धुतलेस का ते अवश्य विचारावे. आणि मुलगी हात धुऊन आली की तिला जवळ बसवून, काचेखाली काय दिसले तेही विचारावे.